गुरुवारी कुदळ नको

कुमासी शहरापासून दोन तासांवरच्या त्या खेड्यात मी सकाळीच कुदळ मागितली. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाच्या कोको-पट्ट्यातले ते गाव. २०२३ च्या नोव्हेंबरात एका अभ्यासदौऱ्यावर आम्ही तिथे गेलो होतो. कृषी खात्यातला माणूस कुठेही गेला, तरी मातीचा नमुना घेतल्याशिवाय त्याला करमत नाही. वीतभर खड्डा आणि त्याच्या कडेची मूठभर माती, एवढेच माझे काम. पण यजमान शेतकरी हसून म्हणाले, "पाहुणे, उद्या घ्या. आज गुरुवार आहे."

गुरुवार हा तिथे धरतीमातेचा वार. अशांती लोक तिला 'असासे या' म्हणतात. असासे म्हणजे जमीन आणि 'या' हे गुरुवारी जन्मलेल्या मुलीचे नाव. त्या दिवशी जमिनीत हत्यार घालायचे नाही. या मातेला देऊळ नाही, पुजारीही नाही. पायाखाली आहे तीच ती. किनाऱ्याकडचे फांटी लोक तिला शुक्रवारची मानतात, म्हणून तिकडे जमिनीची सुट्टी शुक्रवारी.

त्या जंगलपट्ट्यात त्सेत्से माशीमुळे गुरे आजारी पडून दगावतात. त्यामुळे नांगराला बैल नाहीत, सारी शेती कोयत्यावर आणि कुदळीवर. आपण पोळ्याला बैलाच्या खांद्याला विसावा देतो. इथे बैलच नाही, तेव्हा विसावा थेट मातीला!

मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीला मी ऐन अवसेच्या दिवशी पेरणीचे प्रात्यक्षिक ठेवले होते. एका वयस्क शेतकऱ्याने औत धरायला नकार दिला. मी त्यांना चारचौघांत अडाणी म्हणालो. ते काही बोलले नाहीत, पण पुढची तीन वर्षे माझ्या एकाही सभेला आले नाहीत. बियाणे माझे चांगले होते. ते त्यांच्या शिवारात पोचले नाही ते माझ्या जिभेमुळे.

यजमान काही जुन्या धर्माचे नव्हेत. दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे. २०२१ च्या तिथल्या जनगणनेत शेकडा ७१ लोकांनी ख्रिस्ती, सुमारे २० जणांनी मुसलमान आणि जेमतेम तिघांनी परंपरागत धर्म लिहिला. म्हणजे कागदावर असासे या जवळजवळ संपली. मी तसे म्हटल्यावर ते म्हणाले, "प्रार्थना चर्चमध्ये करतो, पण खातो तर हिचेच ना?" आणि केळीच्या पानांखाली मुरत घातलेले कोकोचे बी परतायला बसले. घरचे काम गुरुवारी चालते.

शुक्रवारी शेतावर गेलो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधी जमिनीवर थोडे पाणी ओतले. पहिले नाव आकाशातल्या न्यामे देवाचे, मग धरतीचे, मग पूर्वजांचे. मेलेल्या माणसासाठी खड्डा खणतानाही अशीच परवानगी मागण्याची रीत आहे. मग कुदळ माझ्या हातात दिली. इतक्या बेताने नमुना मी आजवर घेतला नव्हता.

तिथून किनाऱ्याकडे निघालो, तेव्हा वाटेत प्रा नदी लागली. पाणी दुधाच्या चहासारखे. वरच्या अंगाला बेकायदा सोन्याच्या खाणी आहेत. तिकडे त्यांना 'गलामसे' म्हणतात. कोकोच्या बागा उकरून माती नदीत धुतात, सोने धरायला पारा वापरतात. गावात यजमानांना याविषयी विचारले होते. शेजारच्या बागेतली झाडे मालकाने विकली, असे ते म्हणाले. त्या यंत्रांना गुरुवार नाही. आणि हे करणाऱ्यांत परक्यांबरोबर गावचीही पोरे आहेत, हे सांगताना त्यांनी मान खाली घातली.

मंगळवारी एल्मिनाला पोचलो. पोर्तुगिजांनी १४८२ साली बांधलेला किल्ला तिथे समुद्रात पाय घालून उभा आहे. याच पोर्तुगिजांनी पुढे १५१० मध्ये गोवा घेतले. या किनाऱ्यावरून हजारो माणसे गुलाम म्हणून समुद्रापार गेली. गाठोडे नेता आले नाही, नावे गेली. जमैका बेटावर डोंगरात पळालेल्या गुलामांच्या ज्या पुढाऱ्याशी १७३९ साली इंग्रजांना तह करावा लागला, त्याचे नाव कजो. ते घानातले कोजो, सोमवारी जन्मलेला मुलगा. घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा हे शनिवारचे आणि संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान शुक्रवारचे.

किल्ल्याखाली होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. मंगळवारी समुद्राला सुट्टी. जाळे विणत बसलेल्या एका कोळ्याने मला विचारले, "तुमचा वार कोणता?"

मला सांगता येईना. दाखल्यावर मास्तरांनी १ जून लिहिलेला. त्याचा काय भरवसा? तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "तान्ह्या पोळ्याला झालास. वार कोण ध्यानात ठेवतो? सकाळी उठून बैलांचं पाणी बघायचं होतं."