रहिवासी कोणास म्हणावे

माझी आत्या सत्त्याहत्तराव्या वर्षी 'फ्लोरिडाची रहिवासी' या दराने जहाजातून चार दिवस समुद्रात फिरून आली. तिचे सारे आयुष्य दौलताबादेत, किल्ल्याच्या तटाआत गेले. समुद्र तिने त्याआधी एकदाच, मुंबईला पाहिला होता. लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेली असता हा योग आला. मायामीहून सुटणाऱ्या जहाजांच्या भाड्यात फ्लोरिडा राज्यात राहणाऱ्यांना वेळोवेळी सूट मिळते, आणि बहुतेक कंपन्यांचा नियम असा की एका खोलीतील प्रवाशांपैकी एक जण त्या राज्याचा रहिवासी असला तरी पुरते. आतेबहिणीजवळ तेथील वाहनपरवाना होता. आत्या तिच्या खोलीत होती, म्हणून आत्याही त्या दरात बसली.

ही सूट प्रेमापोटी नसते, हे सांगायला नको. जहाज सुटले की रिकाम्या खोलीचे मोल शून्य होते. दूरचा प्रवासी विमानाचे तिकीट काढून, रजा टाकून महिनोन् महिने आधी ठरवतो. बंदरापासून दोन तासांवर राहणारा माणूस मात्र आठवड्याच्या सूचनेवर बॅग भरून मोटारीने येऊ शकतो. राहिलेल्या खोल्या त्याच्या गळ्यात मारायच्या तर भाव उतरवायला हवा, आणि तो सगळ्यांसाठी उतरवला तर आधी पूर्ण पैसे मोजलेले लोक कुरकुरणार. तेव्हा 'रहिवासी' हा शब्द तेथे कुंपणासारखा वापरला जातो. कुंपणाच्या आत कोण, हे परवान्यावरचा पत्ता ठरवतो. तुमचा जन्म कुठला, भाषा कुठली, हे कोणी विचारीत नाही.

हवाई बेटांवर अशाच सवलतीला जो शब्द आहे तो ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतील. 'कामाआइना'. कामा म्हणजे मूल, आइना म्हणजे भूमी. आपला भूमिपुत्रच! पण हॉटेलच्या खिडकीवर या शब्दाचा अर्थ हवाईचे ओळखपत्र जवळ असणे एवढाच उरतो. पोटासाठी मुख्य भूमीवर गेलेला मूळचा हवाईवासी तेथे भूमीचे मूल ठरत नाही, आणि काही वर्षांपूर्वी येऊन स्थिरावलेला गोरा गृहस्थ ठरतो. याउलट स्पेनचा प्रकार. कॅनरी आणि बालेआरिक बेटांवरील रहिवाशांना मुख्य भूमीच्या विमानभाड्यात २०१८ पासून ७५ टक्के सूट आहे. नगरपालिकेच्या नोंदवहीत नाव असले की झाले. तेथे सूट रिकाम्या जागा भरण्यासाठी नाही. बेटावर राहण्याचा जो भुर्दंड पडतो त्याची ती भरपाई आहे. मला हा हेतू अधिक सभ्य वाटतो. शब्द तोच, पण एकीकडे तो गिऱ्हाईक शोधतो आणि दुसरीकडे माणसाची अडचण ओळखतो.

हे सारे डोक्यात होते म्हणून पुढच्या हिवाळ्यात ताई, म्हणजे तीच आतेबहीण, नवरा आणि अकरा वर्षांच्या मुलीसह आली, तेव्हा किल्ल्याच्या तिकीट खिडकीवरचा फलक मी नव्याने वाचला. तोवर शेकडो वेळा त्याच्यासमोरून गेले होते. भारतीयांस २५ रुपये, परदेशीयांस ३००. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांस भारतीयांचाच दर. म्हणजे थायलंडचा प्रवासी २५ रुपयांत आत आणि जपानचा ३०० रुपयांत. वेरूळ-अजिंठ्याला हाच फरक ४० आणि ६०० असा आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीटच नाही.

ताईचे पारपत्र अमेरिकेचे, पण तिच्याजवळ परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओसीआयचे, कार्ड आहे. स्मारकांच्या प्रवेशशुल्कात अशा कार्डधारकांना भारतीयांच्या बरोबरीने धरावे असे केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे. तिने कार्ड दाखवले, २५ रुपये दिले. तिचा नवरा मूळचा ओहायोचा. त्याने निमूट ३०० दिले. मुलीला कोणी काही विचारले नाही. चौघांत आत्याच काय ती काहीही न दाखवता, खिडकीवरच्या माणसाशी सीताफळांच्या भावाबद्दल बोलत पुढे गेली.

जावयाने वर चढताना साधा प्रश्न केला : हा फरक करामुळे आहे का? तुमच्या करातून किल्ला राखला जातो, म्हणून तुम्हाला स्वस्त? हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते, आणि मला ते कधीच पटलेले नाही. तसे असते तर कर भारतात न भरणाऱ्या ताईला २५ रुपयांत सोडण्याचे कारण नव्हते, थाई प्रवाशाला तर नाहीच. युरोपात हाच युक्तिवाद न्यायालयात गेला होता. व्हेनिसच्या दोजे राजवाड्यासारख्या ठिकाणी इटलीच्या वा त्या गावच्या वृद्धांना मोफत प्रवेश आणि इतर युरोपीयांना पूर्ण दर, हे युरोपीय न्यायालयाने २००३ साली अवैध ठरवले. करांची सबब तेथे चालली नाही. मी स्वतः दुहेरी दराच्या विरुद्ध नाही. ज्याच्या देशात ३०० रुपयांत कॉफीचा एक पेला येतो त्याने आमच्या किल्ल्यासाठी तेवढे द्यावेत, यात अन्याय नाही. फक्त त्याला कराचे तत्त्वज्ञान चिकटवू नये. खिसा पाहून दर लावला आहे, असे सरळ म्हणावे.

पण दौलताबादेत उभे राहून आतले-बाहेरचे असा हिशेब मांडणे जरा विनोदीच आहे. हे गावच हुकुमाने वसवलेले. यादवांची देवगिरी मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी केली आणि दिल्लीच्या लोकांना इकडे रहायला पाठवले. वेडा मुहम्मद म्हणून आपण शाळेत हसतो, परंतु बरनी लिहितो की सुलतानाने या लोकांना वाटेत आणि पोचल्यावरही सढळ हाताने साहाय्य केले. रहिवासी होण्यासाठी दिलेली सवलतच म्हणायची! तरी माणसे तुटलीच. इसामी हा कवी तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा कुटुंबाबरोबर निघाले आणि दिल्लीबाहेरच्या पहिल्याच मुक्कामी, तिलपतला वारले. इसामी दौलताबादेत राहिला. सुलतानाचा राग त्याच्या मनातून गेला नाही; पण त्याचा ग्रंथ, 'फुतूह-उस-सलातीन', १३५० साली याच गावात पुरा झाला, बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. त्याच लाटेत आलेले सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब शेजारच्या खुलताबादेत विसावले आहेत. या लोकांच्या बोलीला मराठीचा सहवास लागला आणि दखनी घडत गेली.

किल्ल्याच्या बाहेरच्या तटाला अंबरकोट म्हणतात. मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने निजामशाही सावरली, १६१० मध्ये खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. इथिओपिया सार्कमध्येही नाही आणि बिमस्टेकमध्येही नाही. आजच्या फलकाप्रमाणे अंबरकोट ज्याच्या नावाने ओळखला जातो त्याला ३०० रुपये पडले असते. मोरोक्कोच्या इब्न बतूतालाही. आणि ज्या जनार्दनस्वामींनी हा किल्ला सांभाळला, ज्यांच्या पायाशी बसायला पैठणहून कोवळा एकनाथ आला असे परंपरा सांगते, त्यांना २५. असो. विनोद पुरे.

या फलकावर जी गोष्ट नाही ती मला अधिक सलते. त्यावर देश आहे, शेजारी देश आहेत, गाव नाही. दौलताबादची वस्ती तटाच्या आत आहे. सकाळी पेरूची टोपली घेऊन दाराशी बसणारी बाई आणि कन्याकुमारीहून वातानुकूलित बसने आलेले कुटुंब यांच्यासाठी दर एकच. रहिवासी म्हणून काही ओळख असावी अशी जागा भूतलावर कुठे असेल तर ती ही. आणि येथेच तो शब्द कोणाला सुचला नाही. २०१६ पर्यंत तिकीट ५ रुपये होते, तोवर हा प्रश्न उठलाही नसता. मग ते १५ झाले, २०१८ मध्ये २५. शहरातल्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण गावातली मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत मनात येईल तेव्हा चांदमिनारापर्यंत धावत जाते, आणि एका वाढदिवसानंतर तीच जागा तिच्यासाठी पर्यटनस्थळ होते.

नियमांत असे काही बसत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत टोलनाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी मोटारीला मासिक पास मिळतो, कितीही वेळा जा-ये करा. पत्त्याचा पुरावा द्यायचा, बस्स. नाक्याजवळ राहणाऱ्याला नाका रोज ओलांडावा लागतो, हे कोणा अधिकाऱ्याला उमगले आणि त्याने ते लिहून ठेवले.

गेल्या वर्षी बी.ए.ची माझी एक विद्यार्थिनी, दौलताबादचीच, जनार्दनस्वामींच्या समाधीशी निगडित मौखिक परंपरेवर प्रकल्प करीत होती. वर येणाऱ्या भाविकांशी बोलण्यासाठी ती सहा वेळा किल्ल्यावर गेली. प्रकल्पाच्या शेवटी तिने खर्चाचा तक्ता जोडला होता. छायाप्रती, बांधणी आणि त्याखाली 'प्रवेशशुल्क, सहा वेळा : १५० रुपये'. टोलच्या मासिक पासाचा २००८ च्या नियमांतला मूळ दरही तेवढाच होता. पत्त्याच्या रकान्यात तिने लिहिले होते : किल्ल्याच्या आत, दौलताबाद.