हवेची वाट

मोटारसायकलला पेट्रोल लागते, हे सर्वांना ठाऊक असते. तिला हवाही लागते, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे ९,००० लिटर हवा लागते. ही सारी हवा एका लहानशा गाळणीतून इंजिनात जाते. या गाळणीला आपण एअर फिल्टर म्हणतो. घड्या घातलेल्या कागदाची किंवा स्पंजची ही वस्तू सीटखाली अथवा बाजूच्या झाकणाआड, एका काळ्या पेटीत दडलेली असते. उन्हाळ्यात ती धूळ अडवते. पावसाळ्यात तिलाच जपावे लागते.

पशुसंवर्धन खात्यातील नोकरीमुळे सावंतवाडीहून आंबोलीचा घाट मी अनेक पावसाळे चढलो. आंबोली हे महाराष्ट्रातील अतिशय पावसाचे ठिकाण. तेथे पाऊस नुसता वरून पडत नाही. तो दरीतून वर येतो, पुढच्या ट्रकच्या चाकांतून अंगावर उडतो. अशा वेळी कित्येकजण फिल्टरच्या पेटीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. हेतू चांगला, परिणाम उलटा! हवा कोंडते, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मात्र येतच राहते. मग गाडी काळा धूर सोडते आणि ऐन चढावर दम टाकते. २०२० नंतरच्या गाड्यांत बहुधा इंजेक्शन असते. पण हवा त्यांनाही हवीच.

आमचे गॅरेजवाले आप्पा अशी पिशवी दिसली की म्हणत, "अहो, पावसात डोक्यावर छत्री धरायची असते. नाकावर उशी कशाला दाबता?"

आप्पांची छत्री साधी होती. पावसाळ्यापूर्वी ते पेटीच्या झाकणाची रबरी पट्टी तपासत, चिरली असल्यास बदलत. चिखल उडू नये म्हणून मडगार्डला खाली रबराचा तुकडा लावत. पेटीच्या तळाशी एक बारीक नळी असते, तिच्यात साचलेले पाणी उतरते. ती रिकामी करून बूच पुन्हा बसवत. कागदी फिल्टर भिजून लगदा झाला, तर तो वाळवून वापरण्याची काटकसर त्यांना मान्य नव्हती. स्पंजचा मात्र धुऊन, सावलीत सुकवून, तेलाचा हलका हात देऊन ते परत बसवत. गाडी धुताना सीटखाली पाण्याचा जोराचा फवारा मारणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग.

हा राग उगाच नव्हता. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आप्पा तेथे एका गॅरेजात कामाला होते. पुढचे कित्येक दिवस त्यांनी बुडालेली इंजिने उघडली.

आमच्या भागातील एका दूधवाल्याची गाडी अशीच ओढ्याच्या पाण्यात बंद पडली. पाणी सीटपर्यंत आले होते. गिऱ्हाइके खोळंबलेली, म्हणून त्याने गाडी काठावर आणताच किका मारण्यास सुरुवात केली. इंजिन क्षणभर सुरू झाले, आतून कर्कश आवाज आला आणि किक जागीच अडकली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला, पाण्यावर आदळला आणि त्याला जोडलेला दांडा वाकला. अशा वेळी आधी फिल्टरची पेटी उघडून पाणी काढावे, प्लग काढून मगच हळूहळू किक मारावी, म्हणजे आतले पाणी बाहेर पडते. तेल दुधट दिसल्यास तेही बदलावे लागते.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. म्हशी काही तोवर दूध द्यायच्या थांबल्या नाहीत! बिचारा भल्या पहाटे उठून, शेजाऱ्याच्या सायकलला कॅन बांधून सात किलोमीटर जात असे. रोजची तीन-चार घरे तरी सुटत.

आता तो ओढ्याशी थांबतो. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असले, तर गाडी स्टँडवर लावतो आणि कॅनवर घोंगडे टाकून, ओसर लागेपर्यंत काठावर बसून राहतो.