हँडल दीड इंच वर

सजद्यात तळहात जमिनीवर टेकले की मनगटात कळ उठायची. फजरला कमी, असरला जास्त. शाळेत फळ्यावर उर्दूची ओळ लिहिताना खडू बोटांतून निसटू लागला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तर बधिरच. घरात सगळ्यांना शंका साखरेची. तपासणी केली, साखर ठीक निघाली, अल्हमदुलिल्लाह.

डॉक्टरांनी आधी बोटे कोणती ते विचारले, मग शाळेत कशाने जाता ते. करंगळीकडची नस तळहाताच्या कडेने जाते. तिच्यावर रोज दाब पडला की हीच दोन बोटे झोपतात. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनाही हे होते. अंगठा आणि त्याच्या बाजूची बोटे बधिर होत असतील तर नस वेगळी, इलाजही वेगळा. म्हणून डॉक्टरांना बोटे नीट दाखवावीत. मला म्हणाले, "सर, आधी गाडीचं हँडल बघा."

भंडारा ते अड्याळ, पवनी रोडने माझे रोजचे अप-डाऊन. गाडी भाच्याची, तो नागपूरला शिकायला गेला आणि ती माझ्याकडे आली. दिसायला झकास, हँडल मात्र खाली, पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना दोन तुकड्यांत धरलेले. त्याला क्लिप-ऑन म्हणतात. 1985 ची सीडी 100 किंवा 1994 ची स्प्लेंडर आठवा: एकच वाकवलेला पाइप, पाठ सरळ. 2008 मध्ये यामाहाची आर15 आली आणि वाकून बसण्याची हौस आमच्या मोहल्ल्यातही पोहोचली. ती बैठक वाईट नाही. वेग खूप असला की समोरचा वारा छातीला उचलून धरतो, हातांवरचा भार हलका होतो. पण आमच्या रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर, बंड्या, गतिरोधक. काटा चाळीस-पन्नासच्या वर जात नाही. वारा काही उचलत नाही, मग धडाचा भार मनगटांवर.

मोहल्ल्यातल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी मला गाडीवर बसवून डोळे मिटायला लावले आणि हात सहज पुढे करायला सांगितले. हात जिथे थांबले, त्याच्या बरेच खाली हँडल होते. "सर, हँडल गाडी वळवायला असतं, टेकायला नाही."

पाइपचे हँडल बसवायला वरची प्लेटही बदलावी लागली. मुठीजवळ पाइप 22 मिलिमीटरचाच, त्यामुळे जुन्या मुठी आणि लिव्हर चालले. खरे काम पुढेच. हँडल वर गेले की क्लचची वायर, रेसची वायर, डिस्क ब्रेकची नळी, सगळे ताणले जाते. चाचांनी इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवले. वळवताना आवाज आपोआप वाढला तर रेसची वायर आखूड. आमचा वाढला. लांब वायर मागवली, ब्रेकची नळीही लांब घातली, तेल भरून हवा काढली. टाकीत आणि मुठीत अंगठा सापडत नाही ना, तेही पाहिले. ताणलेल्या वायरीवरच गाडी फिरवणारे बरेच आहेत. वळणावर गाडी स्वतःहून पळाली तर काय होईल, याचा विचार ते करत नसावेत.

आणखी उंच का नको, असे विचारले तर चाचा हसले. "मग खड्ड्याचा दणका मनगटाऐवजी माकडहाडाला." दीड इंचावर थांबलो.

ज्यांच्या गाडीला पाइपचे हँडल आहे, त्यांनी काही विकत घेण्याआधी क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडे आपल्याकडे फिरवून पाहावे. लिव्हर असे ठेवावेत की हात आणि मनगट एका रेषेत राहतील. बोल्ट परत सारखे आवळले की झाले. बदलच करायचा असेल तर आरटीओत आधी विचारावे. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफाराला 5,000 रुपये दंड आणि कैदही होऊ शकते.

खर्चावरून मी कुरकुरत होतो. पत्नीने हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची आठवण दिली. रोज रोजा आणि रात्रभर इबादत करणाऱ्या त्या सहाबींना रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी शरीराचाही हक्क असतो हे समजावले होते. मी गप्प झालो.

दोन महिन्यांत करंगळी जागी झाली, शेजारचे बोट अजून कधीकधी झोपते. ईदला भाचा आला, गाडीभोवती फिरून म्हणाला, "मामू, शानच घालवली गाडीची." त्याचे हँडल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे.