दीक्षाभूमीचे अरकानशी नाते आणि मताचा साक्षीदार

नागपूर स्टेशनावर उतरून दीक्षाभूमीकडे निघाले की वाटेत सीताबर्डी लागते. १९५६ च्या ऑक्टोबरात परमपूज्य बाबासाहेबांचा मुक्काम इथल्याच श्याम हॉटेलात होता. पुढे दीक्षाभूमीवर पोचून आम्ही स्तूपाला वंदन करतो, बोधिवृक्षापाशी बसून शिदोरी सोडतो आणि मुलांना १४ ऑक्टोबरची हकिकत सांगतो. जाणत्या मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : बाबासाहेबांना दीक्षा देणारे भन्ते कुठले? पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीर कुशीनगरला राहत. पण ते मूळचे ब्रह्मदेशातील अरकानचे. म्हणजे नागपूरच्या या भूमीचे त्या देशाशी गुरुघरचे नाते आहे. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब स्वतः रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते.

त्या गुरुघराची आजची दशा काय? आता म्यानमार म्हणवणाऱ्या या देशात १९९० साली निवडणूक झाली. ऑंग सान सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने सत्ता सोडली नाही. ८ नोव्हेंबर २०२० रोजी तोच पक्ष पुन्हा जिंकला. मतदारयाद्या खोट्या असल्याचे सांगून लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ रोजी सत्ता बळकावली.

त्या मतदानाला परदेशी निरीक्षक हजर होते. त्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेचेही लोक होते. लोकांना मोकळेपणी मत देता आले, असे त्यांनी सांगितले. त्यांनी दुसरेही लिहिले : रोहिंग्या मुसलमानांना मतापासून दूर ठेवले गेले. हे रोहिंग्या त्याच अरकानचे. २०१७ साली त्यांतले सात लाखांहून अधिक लोक जीव मुठीत धरून बांगलादेशात गेले.

निरीक्षकाच्या हाती बंदूक नसते. तो रणगाडा अडवू शकत नाही. पण त्याने लिहून ठेवलेली साक्ष लष्कराला पुसता येत नाही. आणि साक्ष खरी तेव्हाच, जेव्हा ती आपल्या माणसाचीही चूक लिहिते. तो देश बौद्धांचा म्हणून तिथल्या अन्यायावर आपण पांघरूण घातले, तर पंचशीलातला 'मुसावादा वेरमणी' घोकण्यात अर्थ काय?

हे काम आपल्या देशाला नवे नाही. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन १९५३ साली सुदानची निवडणूक पार पाडायला आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष म्हणून गेले होते. सरकारच्या तालावर नाचणार नाही असा स्वतंत्र निवडणूक आयोग हवा, हे कलम घटना समितीत मांडणारे बाबासाहेबच. १९५४ साली जवळच्या भंडाऱ्यात ते स्वतः पोटनिवडणूक हरले, तरी मतपेटीवरचा त्यांचा विश्वास ढळला नाही.

आपल्या तरुणांना रंगूनला जाता येणार नाही. पण वस्तीतल्या शाळेत मतदान केंद्र असतेच. कोणत्याही उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून तिथे बसा. सकाळची चाचणी पाहा. मतदान संपल्यावर नोंदलेल्या मतांचा हिशेब असलेली नमुना १७ सी ची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. शेजारच्या बाईचे नाव यादीतून गळले असेल, तर ती कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची हे न विचारता तिच्यासाठी उभे राहा. अरकानच्या गुरूचे ऋण असेच फिटेल.