ग्वांगह्वामुनच्या दारात

सोलला पोचल्यावर हॉटेलात सामान टाकले न टाकले तोच सौभाग्यवतींनी ग्वांगह्वामुनची वाट धरली. ग्वांगह्वामुन म्हणजे ग्योंगबोकगुंग राजवाड्याचे महाद्वार. त्यांना या शहराची ओढ लावली होती ती ‘क्वीन इनह्यून्स मॅन’ या 2012 सालच्या 16 भागांच्या मालिकेने. त्यांनी ती दोनदा पाहिली होती. मी दीडदा, आणि तीही चोरून!

गोष्ट तशी पोरकट. 1694 सालचा किम बुंग-दो नावाचा पंडित मंतरलेल्या कागदी ताइताच्या जोरावर तीनशे वर्षे ओलांडून आजच्या सोलमध्ये येतो. इथे त्याला भेटते एक नटी. ती एका मालिकेत राणी इनह्यूनचे काम करीत असते, आणि हा तर खऱ्या राणीचा कैवारी! ही राणी इतिहासातली. राजा सुकजोंगने तिला 1689 मध्ये पदच्युत केले आणि 1694 मध्ये पुन्हा मानाने आणले. आजकाल निरोप घेण्याची रीतच अशी आहे, असे सांगून नटी त्या भोळ्या पंडिताचे चुंबन घेते, तेव्हा मीसुद्धा वर्तमानपत्राआडून हसलो होतो.

महाद्वाराशी उभा राहिलो आणि मनात आले, बुंग-दो इथे आला तर मोटारींपेक्षा या वाड्यालाच अधिक दचकेल. 1592 च्या युद्धात वाडा जळाला, तो एकोणिसाव्या शतकापर्यंत पडूनच होता. म्हणजे 1694 मध्ये इथे नुसते अवशेष! पुढे जपान्यांनी पुष्कळ इमारती पाडल्या आणि ऐन वाड्यासमोर आपले सरकारी कार्यालय बांधले. कोरियनांनी ते 1995-96 मध्ये पाडले. हे लाकडी महाद्वार तर 2010 मध्ये पुन्हा उभे राहिले. मालिकेत ताईत नष्ट झाला की आठवणीच पुसल्या जातात. घरी पाहताना मला ती लेखकाची लबाडी वाटली होती. इथे मात्र घशात काहीतरी अडकले. पुसलेले पुन्हा आठवून काढणे ही या लोकांची खरीखुरी कामगिरी आहे हो!

आत हानबोक घालून गेले तर तिकीट पडत नाही. त्यामुळे सगळीकडे भाड्याच्या राजकन्या. तेवढ्यात सौभाग्यवतींनी माझे कोपर घट्ट धरले.

“अहो, बुंग-दो!”

पांढरा अंगरखा, काळी रुंद काठाची टोपी. पंडित दाराच्या सावलीत उभा राहून फोनवर कुणाची तरी मनधरणी करीत होता. मग फोन खिशात कोंबून, टोपी सावरीत तो भुयारी रेल्वेच्या दिशेने पळत सुटला.

“पोचेल ना हो वेळेवर?” सौभाग्यवतींनी विचारले.