कराराऐवजी नवस

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा जुगार नव्हे, हे एकदा लिहूनच टाकतो. नात्यातल्या दोघातिघांनी फोन करून विचारलंय म्हणून. फासे आहेत, पैसे नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला. आमच्याकडे सोलापुरात तो सुट्टीत रंगतो. मी, भाचा, भाची, आणि शेजारी शेंगा सोलत बसलेली आई.

यात 'वॉरलॉक' नावाचं एक पात्र असतं. २०१४ च्या नियमांत तो कुणा अमानवी शक्तीशी करार करून जादू मिळवतो, आणि तिसऱ्या पातळीला हवं तर शस्त्रही. रिकाम्या हातात शस्त्र उगवतं, दर वेळी मागाल त्या रूपात. आज तलवार, उद्या गदा. तुमच्यापासून पाच फुटांहून लांब मिनिटभर राहिलं की गायब. २०२३ मध्ये मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, तेव्हापासून मी ते वहीत मराठीत उतरवतोय.

गाडी अडली ती 'करार' या शब्दापाशी. तुळजापूर इथून पंचेचाळीसेक किलोमीटर. भवानी तलवारीची गोष्ट ऐकत वाढलेल्या पोरांना देवी शस्त्र देते हे पटतं, पण सहीशिक्क्यानं? (मराठ्यांच्या 'फिरंग' तलवारींची पाती युरोपातून येत, हा इतिहास वेगळा. तो वाद पुन्हा कधीतरी.) देवीशी आपला व्यवहार नवसाचा. म्हणून घरचा पहिला नियम: लढाईआधी खेळाडूनं मोठ्यानं नवस बोलायचा, की दिवसातून एकदा दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. नवस गोष्टीतच फेडायचा. गावाला विहीर, देवळाला घंटा, काहीही.

दुसरा नियम: शस्त्र रूप बदलणार नाही, आणि ते घरातलंच हवं. खंडेनवमीला आपण हत्यारं पूजतो, तसंच मागवाला माग पूजतो आणि शिंपी मशीन. भाच्यानं कपाटातून थेट बाबांचा धोटा काढला. लाकडी, दोन्ही टोकांना पोलाद, आत कांडी अजून तशीच. बाबा गेल्यावर माग विकले, एवढा धोटा राहिला. मी मिनिटभर काही बोललो नाही. मग दोघांनी बसून आकडे ठरवले. इजा सहा बाजूंच्या फाशाची, फेक वीस फूट, आणि फेकलेला धोटा हातात परत येतो, कारण येणं-जाणं हाच त्याचा धर्म. पण त्याला सूत जोडलेलं असतं. शत्रूनं ते कापलं की संपलं. ही अट भाच्यानं स्वतःच घातली. फुकटची ताकद त्याला मिळमिळीत वाटते म्हणे.

भाचीनं दांडपट्टा घेतला. २०२४ मध्ये तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, हे तिनंच मला ऐकवलं. पातं आणि कोपरापर्यंतचा पोलादी खोबणा एकच, मनगट वळत नाही, सगळा वार खांद्यातून आणि अंगाच्या गिरकीतून. मग नियम सोपा: तिच्या हातून शस्त्र कुणी हिसकावू शकत नाही, पण तो हात मंत्राला नाही, दार उघडायलाही नाही. दोन्ही हातांत पट्टे घेतले तर मशालसुद्धा दुसऱ्यानं धरायची. :)

खरी वादावादी झाली ती नवस न फेडल्यास काय यावर. भाचीचं मत कडक: शस्त्र गायब. मी तिच्याच बाजूचा होतो, कारण मूळ खेळाच्या ते जवळ जातं.

आई शेंगांवरून मान वर न करता म्हणाली, "दिलेलं काढून घ्यायला ती काय सावकार हाय व्हय?"

भाचा म्हणाला, "मग आज्जी, काय करते ती?"

"वाट बघती."

तेव्हा वहीत असं लिहिलंय: नवस थकला तर शस्त्र हातात राहतं, पण साधं होतं. धोटा फेकला तर परत येत नाही, आपण चालत जाऊन उचलून आणायचा.

दिवाळीच्या सुट्टीत पुढचा डाव. भाच्यानं एका पडक्या गावात शंभर चादरी वाटायचं कबूल केलंय, आणि अजून सूतसुद्धा मिळालेलं नाही.