बर्डीचा किल्ला आणि काळा दगड

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते : सीताबर्डीचा किल्ला उद्या सर्वांसाठी खुला. नागपूरकर ती शोधून वाचतात. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, या तीन दिवशी लष्कर आपलं दार उघडतं. एरवी टेकडीच्या गणपतीला हात जोडायचे आणि वरचा तट खालूनच बघायचा.

मला यातला १ मे जास्त आवडतो. ऊन मी म्हणत असतं, पोरीबायांनी तोंडाला दुपट्टे बांधलेले, बापाच्या खांद्यावरचं लेकरू तोफ कुठे म्हणून विचारतंय. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथे आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. त्या फौजेतल्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली होती, ती पुन्हा गेली; लढाईही गेली. हरल्याची जागा बघायला माणसं इतक्या हौसेनं चढून येतात, याचं मला फार अप्रूप आहे.

चढताना तटाखालचा काळा दगड दिसतो आणि स्टीफन हिस्लॉप आठवतो. हिस्लॉप कॉलेजातला हिस्लॉप. लढाई झाली त्याच वर्षी तो स्कॉटलंडमधल्या डन्स गावी जन्मला. शिकला एडिंबरोत. तिथला किल्लाही ज्वालामुखीच्याच काळ्या खडकावर उभा आहे. तिथेही सैनिक असतात, पण लोकांना रोज आत जाता येतं, ऑगस्टमध्ये लष्करी बँडचा सोहळा होतो. तो खडक बघितलेला माणूस १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आला आणि फावल्या वेळात हातोडी घेऊन हिंडू लागला. टाकळीला त्याला दगड झालेल्या गोगलगायी सापडल्या. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन आग ओकायची थांबली, तळं साचलं, त्यात जीव वाढले, मग पुन्हा आग आली. बर्डीच्या टेकडीतही त्यानं थर वाचले. १८५५ मध्ये हंटर या सहकाऱ्यासोबत त्यानं नागपूरच्या भूगर्भावर लंडनच्या नियतकालिकात निबंध लिहिला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना, रात्री, पूर आलेला ओढा तो घोड्यावरून ओलांडायला गेला आणि बुडाला. वय सेहेचाळीसही पुरं नव्हतं.

या टेकडीवर तोफांबरोबर ते थरही दाखवावेत, शाळेच्या पोरांना हात लावू द्यावा, असं मला मनापासून वाटतं. १८१७ फार अलीकडचं आहे.

हिस्लॉपच्या मागे कागदांचं गाठोडं राहिलं. त्यात गोंडांची गाणी होती, त्यांच्या लिंगो या देवपुरुषाची कथा होती. १८६६ मध्ये ती छापली गेली. उपदेश करायला आलेला माणूस बसून ऐकत राहिला, हे मला त्याच्या जीवाश्मांहून मोठं वाटतं. नागपूर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंदनं. त्याच लोकांचा लिंगो आजही माघी पौर्णिमेला कचारगडच्या गुहेत भेटतो. सालेकसा तालुक्यात, डोंगर चढून जावं लागतं. तिथली गर्दी एकदा बघायलाच हवी.